सॅटेलाइटला पत्ता वाचता येत नाही, मग कॉल बरोबर बीममध्ये जातो कसा?

बऱ्याच जणांच्या डोक्यात असं असतं की कम्युनिकेशन सॅटेलाइट म्हणजे वर नेऊन ठेवलेला एक मोठा राउटर, डेटा आला की तो उघडून बघतो, कुठे जायचंय ते वाचतो आणि तिकडे पाठवतो. काही सॅटेलाइट खरंच असं करतात, पण जिओस्टेशनरी कक्षेतले, म्हणजे विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असणारे, त्यातले बरेचसे असलं काहीही वाचत नाहीत. खालून अगदी मरतुकडा सिग्नल येतो, तो वाढवायचा, त्याची फ्रिक्वेन्सी बदलायची (नाहीतर स्वतःच्याच जोरदार ट्रान्समिशनमध्ये त्याला खालचा आवाज ऐकू येणार नाही), आणि परत खाली सोडायचा. संपलं काम. आत कॉल आहे का टीव्ही आहे का कुणाचा ईमेल, त्याला कर्तव्य नाही.

आणि तरीही असा सॅटेलाइट एका शहराकडून आलेला कॉल दुसऱ्या खंडातल्या नेमक्या भागाकडे पाठवू शकतो, वाटेत एकही बिट न वाचता. हे कसं जमतं, तेच इथे सांगायचंय. कारण मला विचाराल तर टेलिकॉममधल्या सगळ्यात हुशार आणि सगळ्यात कमी बोलल्या गेलेल्या युक्त्यांपैकी ही एक आहे.

आधी थोडं मागे जाऊ. ६ एप्रिल १९६५ ला अर्ली बर्ड सोडला, इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय सॅटेलाइट संस्थेचा पहिला सॅटेलाइट, त्याची कपॅसिटी होती २४० टेलिफोन सर्किट किंवा एक टीव्ही चॅनेल. एका वेळी दोनच मोठी ग्राउंड स्टेशन त्यातून बोलू शकायची, त्यामुळे कोणाचं कोणाकडे हा प्रश्नच नव्हता. पुढच्या पिढीत अनेक स्टेशनांना एकाच सॅटेलाइटमधून बोलायची सोय झाली आणि ती झाली एफडीएमए ने, म्हणजे प्रत्येकाला फ्रिक्वेन्सीचा आपापला तुकडा वाटून द्यायचा, तू या पट्ट्यात बोल, तू त्या पट्ट्यात. तेव्हा सॅटेलाइटचा एकच रुंद बीम, म्हणजे रेडिओ लहरींचा झोत, असायचा, दिसेल तेवढ्या सगळ्या पृथ्वीवर पसरणारा. सगळे वर पाठवतात, सॅटेलाइट सगळं एकत्र खाली ओततो, आणि ज्याला जे हवंय ते तो आपल्या रिसीव्हरमध्ये ट्यून करून घेतो. यात राउटिंग फुकटात होऊन जातं, कारण सगळ्यांना सगळंच ऐकू येतं.

पण हे फार उधळं काम आहे. एक तर पॉवर सगळीकडे पसरते, समुद्रावर, वाळवंटावर, जिथे ऐकायला कुणी नाही तिथेही. दुसरं म्हणजे स्पेक्ट्रम. सी बँडमध्ये पारंपरिकरीत्या वर जायला ६ गिगाहर्ट्झच्या आसपास आणि खाली यायला ४ च्या आसपास असे ५०० मेगाहर्ट्झ मिळायचे, आणि एका रुंद बीममध्ये ते एकदा वापरले की संपले. (पोलरायझेशन, म्हणजे लहर कुठल्या दिशेने हेलकावते ते, उलटं करून तोच पट्टा अजून एकदा वापरता येतो, म्हणून फार तर दुप्पट.)

यावर उपाय म्हणजे मल्टिबीम. एका रुंद बीमऐवजी बरेच बारीक बीम, प्रत्येकाचा जमिनीवर वेगळा ठिपका. बीम किती बारीक होईल ते अँटेनाचा आकार आणि तरंगलांबी यावर ठरतं, ढोबळ सूत्र असं की तरंगलांबी भागिले अँटेनाचा व्यास गुणिले ७०, उत्तर अंशात. आता २० गिगाहर्ट्झला तरंगलांबी दीड सेंटिमीटर, अँटेना २ मीटरची घेतली तर बीम साधारण अर्ध्या अंशाचा होतो, आणि एवढ्या उंचीवरून अर्धा अंश म्हणजे जमिनीवर सव्वातीनशे किलोमीटरचा गोल. तीच अँटेना ४ गिगाहर्ट्झला वापरली तर गोल सोळाशे किलोमीटरच्या पुढे जातो. म्हणून आजकालचे मोठे इंटरनेटवाले सॅटेलाइट केए बँडमध्ये (साधारण २० ते ३० गिगाहर्ट्झ) असतात, त्यामागे फक्त स्पेक्ट्रम जास्त मिळतं एवढंच कारण नाहीये.

बीम बारीक झाले की एकमेकांपासून लांब असलेल्या दोन बीममध्ये तीच फ्रिक्वेन्सी परत वापरता येते. शेजारशेजारच्या बीमना मात्र वेगळं काहीतरी द्यावं लागतं, म्हणून बँडचे दोन भाग आणि दोन पोलरायझेशन, अशी चार कॉम्बिनेशन करतात आणि कुठलेही दोन शेजारी सारखे येणार नाहीत असे वाटतात. हिशोब करून बघा. बँड ५०० मेगाहर्ट्झ, बीम १००, प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा बँड म्हणजे २५०, एकूण झाले २५,००० मेगाहर्ट्झ. एका रुंद बीममध्ये दोन्ही पोलरायझेशन धरून १,००० च मिळत होते. पंचवीस पट, तेही स्पेक्ट्रमचा एक हर्ट्झही जास्त न मागता. इंटेलसॅट ४-ए ने १९७५ मध्ये पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा बीम वेगळा करून असं पुनर्वापराचं काम सुरू केलं, १९८० च्या इंटेलसॅट ५ ने चारपट केलं, आणि २०११ मधला व्हायासॅट-१ तर ७२ बीमच्या जोरावर १४० गिगाबिट प्रति सेकंदाला पोचला.

आता इथे गोची होते. बीम वेगळे केले म्हणजे सगळ्यांना सगळं ऐकू येणं बंद. अ बीममधल्या माणसाला क बीममधल्या माणसाशी बोलायचंय तर अ मधून वर आलेला सिग्नल कोणीतरी क च्या ट्रान्समीटरकडे वळवायला हवा. एका बीममध्ये जे फुकट मिळत होतं ते राउटिंग आता विकत घ्यावं लागतं, आणि बीमची संख्या वाढेल तसा हा प्रश्न नुसता वाढत नाही, वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० बीम तर १०० जोड्या, १०० बीम तर १०,००० जोड्या.

पहिला रस्ता म्हणजे प्रश्नच टाळायचा. सगळ्या बीमचा ट्रॅफिक एका मोठ्या जमिनीवरच्या गेटवेकडे न्यायचा, तिथे काय ती निवड होईल आणि परत वर पाठवायचा. इंटरनेटसाठी हे बरोबरच आहे, कारण तसंही सगळ्यांना गेटवेकडेच जायचं असतं. पण दोन माणसांना आपसात बोलायचं असेल तर सिग्नल दोनदा वर जाऊन दोनदा खाली येतो. एका फेरीला जवळजवळ पाव सेकंद, दोन फेऱ्यांना अर्धा, आणि तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायला एक सेकंद. एक सेकंदाच्या गॅपने फोनवर बोलून बघा, दोघं एकाच वेळी बोलायला लागतात आणि दोघं एकाच वेळी थांबतात.

दुसरा रस्ता वेळेचा. सॅटेलाइटवर एक स्विच बसवायचा जो ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे जोड्या बदलत राहतो, या मिलिसेकंदात अ ची जोडणी ब शी, पुढच्यात अ ची क शी, वगैरे. १९८९ च्या इंटेलसॅट ६ वर हे होतं, १९९३ मध्ये नासाने सोडलेल्या एसीटीएस वर पण होतं. चांगलं चालतं, पण खालच्या प्रत्येक स्टेशनला आपला बर्स्ट, म्हणजे सिग्नलचा छोटा झटका, अगदी बरोबर क्षणी पोचेल असा सोडावा लागतो, आणि दुसरं दुखणं असं की तुम्हाला सेकंदाला सरासरी १ मेगाबिट पाठवायचं असलं आणि सगळ्यांनी वाटून घेतलेला एकूण वेग सेकंदाला १०० मेगाबिट असला तरी तुमच्या वाट्याच्या त्या शंभराव्या हिश्शात तुम्हाला १०० मेगाबिटच्या वेगानेच ओरडावं लागतं, म्हणजे पीक पॉवर शंभरपट. मोठ्या स्टेशनला परवडतं, छपरावरच्या छोट्या डिशला नाही.

तिसरा रस्ता फ्रिक्वेन्सीचा, आणि हीच ती युक्ती. वेळेऐवजी फ्रिक्वेन्सीलाच पत्ता करायचं. अक्षरओळख नसलेला हमाल जसा गोणीवरच्या रंगाच्या पट्टीवरून कुठली गोणी कुठल्या गाडीत टाकायची ते ओळखतो, तसं सॅटेलाइट फक्त फ्रिक्वेन्सी बघतो. प्रत्येक बीममधून आलेला बँड फिल्टरने कापायचा, आणि प्रत्येक तुकड्याची वायर वेगवेगळ्या खाली जाणाऱ्या बीमकडे कायमची जोडून ठेवायची. आता स्टेशनने क कडे जायचंय म्हणून क च्या तुकड्यात ट्रान्समिट केलं की झालं, वर कोणालाही काही ठरवावं लागत नाही. निर्णय जमिनीवर होतो, सॅटेलाइट फक्त चाळतो.

ऐकायला सोपं वाटतं, पण एक खाच आहे. समजा तीन बीम आहेत, अ, ब, क, आणि प्रत्येकाच्या बँडचे तीन तुकडे, १, २, ३. सरळ डोक्याने कोणीही वाटणी अशी करेल की तुकडा १ म्हणजे अ कडे, २ म्हणजे ब कडे, ३ म्हणजे क कडे, तिन्ही बीमना तोच नियम. पण मग अ कडे जाणारं सगळं, म्हणजे अ चा तुकडा १, ब चा तुकडा १ आणि क चा तुकडा १, हे सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर येऊन एकमेकांच्या डोक्यावर आदळतात. आणि खालच्या बँडचे २ आणि ३ रिकामेच. मग प्रत्येकाला वेगळा फ्रिक्वेन्सी बदलणारा सर्किट लावा, वजन वाढवा, पॉवर खा.

त्याऐवजी असं करा:

अ बीममधून आलेलं: १ जाईल अ कडे, २ ब कडे, ३ क कडे
ब बीममधून आलेलं: १ जाईल ब कडे, २ क कडे, ३ अ कडे
क बीममधून आलेलं: १ जाईल क कडे, २ अ कडे, ३ ब कडे

आता अ कडे काय येतंय ते बघा, अ चा १, क चा २, ब चा ३. तिन्ही वेगळे. ब कडे? ब चा १, अ चा २, क चा ३. क कडे पण तसंच. म्हणजे तिन्ही तुकडे आहेत त्याच क्रमाने शेजारी बसतात, कुणालाही वेगळं सरकवावं लागत नाही, सगळ्यांसाठी मिळून एकच ठरलेला फ्रिक्वेन्सी बदल पुरतो. याला गणितात लॅटिन स्क्वेअर म्हणतात, प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या रांगेत प्रत्येक अक्षर एकदाच, सुडोकूवाल्यांना लगेच ओळखू येईल. एवढ्या महागड्या मशीनचं राउटिंग एका कागदावरच्या चौकोनात बसतं हे मला अजूनही भारी वाटतं.

फिल्टर किती लागतील? तीन बीमना नऊ, दहा बीमना शंभर. म्हणून हे फिल्टर छोटे आणि हलके असणं फार गरजेचं होतं, आणि त्यासाठी सॉ फिल्टर कामाला आले. यात इलेक्ट्रिक सिग्नलची एका स्फटिकाच्या पृष्ठभागावर चालणारी ध्वनिलहर करतात. ही लहर सेकंदाला साधारण ३-४ किलोमीटर जाते, प्रकाशाच्या मानाने लाखपट हळू, त्यामुळे तरंगलांबी पण तितकीच आखूड होते आणि जो फिल्टर एरवी कपाटाएवढा झाला असता तो नखाएवढ्या चिपवर मावतो.

पण खरा घोळ ट्रॅफिकचा. वरच्या चौकोनात सगळे तुकडे सारखे आहेत आणि खऱ्या आयुष्यात अ कडून ब कडे धो धो जातं आणि अ कडून अ कडे चिमूटभर. बँड १०० मेगाहर्ट्झ धरा आणि गरज अशी आहे असं समजा:

अ कडून: अ ला १०, ब ला ६०, क ला ३०
ब कडून: अ ला ५०, ब ला १०, क ला ४०
क कडून: अ ला ४०, ब ला ३०, क ला ३०

प्रत्येक ओळीची बेरीज १०० आहे आणि उभी बेरीज पण १००, म्हणजे ना कुणी वर जास्त पाठवतंय ना कुणाला खाली जास्त येतंय. पण सारखे तुकडे करून हे बसत नाही. मग बसेल तरी का? बसतं, नेहमीच बसतं, आणि हे गॅरेट बर्कहॉफ या गणितज्ञाच्या १९४६ च्या निष्कर्षातून निघतं. असा कुठलाही तक्ता एकास-एक जोड्यांच्या थरांमध्ये फोडता येतो. वरचंच घ्या. पहिले ३० मेगाहर्ट्झ: अ चं ब ला, ब चं अ ला, क चं क ला. पुढचे २०: अ चं क ला, ब चं अ ला, क चं ब ला. पुढचे ३०: अ चं ब ला, ब चं क ला, क चं अ ला. उरलेल्या २० चे दोन थर दहा-दहाचे, एकात अ-अ, ब-क, क-ब आणि दुसऱ्यात अ-क, ब-ब, क-अ. झाले शंभर, करून बघा बेरीज, एकही धडक नाही.

गंमत म्हणजे वेळेवर चालणाऱ्या स्विचचं वेळापत्रक पण अगदी याच गणिताने बनवतात, फक्त तिथे थर मिलिसेकंदाचे असतात आणि इथे मेगाहर्ट्झचे. तोच तक्ता, एकदा आडवा धरला, एकदा उभा.

आता नीट बघा, ब चे अ ला जाणारे ५० शेजारी शेजारी आले, पण अ चे ब ला जाणारे ६० मध्ये तुटले, ३० इथे आणि ३० तिथे. मोठा सलग कॅरिअर, म्हणजे एका स्टेशनचा एकसंध सिग्नल, पाठवायचा असेल तर हा त्रास आहे. आणि त्याहून मोठा त्रास हा की फिल्टर एकदा वर गेले की गेले. सॅटेलाइट पंधरा वर्षं चालवायचा असतो, पंधरा वर्षांनी कुठून कुठे किती ट्रॅफिक असेल हे आज कोण सांगणार. रुंदी बदलता येतील असे फिल्टर, मध्ये स्विच, असे बरेच उपाय झाले, पण खरी सुटका डिजिटलने केली.

डिजिटल चॅनेलायझर म्हणजे काय, तर आलेला बँड सॅम्पल करून, म्हणजे क्षणाक्षणाला मोजून, आकड्यांमध्ये बदलायचा, आणि फिल्टरचं काम गणिताने करायचं, एका बीमच्या बँडचे शेकडो बारीक तुकडे. मग कुठलाही तुकडा कुठल्याही बीममध्ये, कुठल्याही जागी, आणि जमिनीवरून कमांड पाठवली की वाटणी बदलली. इथे प्रत्येक तुकडा हवा तिथे सरकवता येतो म्हणून लॅटिन स्क्वेअरची पण सक्ती उरत नाही, फक्त बेरजा बसल्या म्हणजे झालं. २००५ पासूनच्या इनमारसॅट-४ मध्ये दोनशेच्या आसपास बारीक बीम आणि २०० किलोहर्ट्झचे चॅनेल असं हे आहे, आणि २००७ पासून सोडलेल्या अमेरिकन लष्कराच्या डब्ल्यूजीएस मध्ये २.६ मेगाहर्ट्झचे जवळजवळ १,९०० तुकडे स्वतंत्रपणे वळवता येतात, इतकंच काय, एक्स बँड या दुसऱ्याच फ्रिक्वेन्सी पट्ट्यात आलेलं केए बँडमध्ये उतरवता पण येतं. कॅरिअर एका तुकड्यापेक्षा रुंद असला तर शेजारचे तुकडे परत असे जोडावे लागतात की सांधा कळू नये, हे काम किचकट आहे पण होतं.

आणि लक्षात घ्या, एवढं सगळं डिजिटल करूनही सॅटेलाइट अजून बिट वाचत नाहीयेच! आकडे आहेत ते सिग्नलच्या आकाराचे, आतल्या मजकुराचे नाहीत.

फुकट मात्र काहीच नाही. सगळ्यात मोठी किंमत खाली पाठवणाऱ्या अँप्लिफायरवर मोजावी लागते. ब च्या बीममध्ये अ, ब आणि क तिघांकडून आलेलं एकाच अँप्लिफायरमधून जातं, आणि पूर्ण ताकदीवर चालणारा अँप्लिफायर सरळ रेषेत वागत नाही, दोन कॅरिअर १०० आणि १०१ वर दिले की ९९ आणि १०२ वर भुतं उभी राहतात, आणि दहा-वीस कॅरिअर असले की ही भुतं नेमकी कुणाच्या तरी चॅनेलमध्ये जाऊन बसतात. नेहमीचा उपाय म्हणजे अँप्लिफायर निम्म्या किंवा त्याहून कमी ताकदीवर चालवायचा. वेळेवाल्या पद्धतीत एका क्षणाला एकच सिग्नल असतो, तिथे पूर्ण ताकद वापरता येते. म्हणजे हिशोब असा, वेळेची पद्धत खालच्या छोट्या स्टेशनला महाग, फ्रिक्वेन्सीची वरच्या सॅटेलाइटला महाग. छोट्या डिश हजारोंनी असतील तर मी तरी दुसऱ्या बाजूने मत देईन.

दुसरी किंमत कडांची. कुठलाच फिल्टर सुरीने कापल्यासारखा कापत नाही, उतार असतो, म्हणून दोन तुकड्यांमध्ये थोडी जागा मोकळी सोडावी लागते. त्यात खालच्या स्टेशनचा ऑसिलेटर, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग, सरकतो. ३० गिगाहर्ट्झला दहा लाखात एक एवढी चूक म्हणजे ३० किलोहर्ट्झ, २०० किलोहर्ट्झच्या चॅनेलमध्ये ही काही छोटी गोष्ट नाही. आणि साध्या सिस्टिममध्ये फ्रिक्वेन्सी सरकली तर फक्त आवाज खराब होतो, इथे फ्रिक्वेन्सी हाच पत्ता असल्यामुळे कॉलचा एक तुकडा चुकीच्या बीममध्ये निघून जातो.

मग सरळ बिट वाचणारेच सॅटेलाइट का नाही बनवत? बनवतात की. इरिडियमचे ६६ सॅटेलाइट प्रत्येकी ४८ बीम घेऊन फिरतात आणि कॉल एकमेकांकडे सोपवत नेतात, त्यांना वाचण्याशिवाय इलाजच नाही. पण वाचणारा सॅटेलाइट एका ठरावीक भाषेला बांधला जातो, दहा वर्षांनी चांगलं मोड्युलेशन, म्हणजे बिट सिग्नलवर चढवायची पद्धत, आलं तर ते उलगडणारा वरचा डिमॉड्युलेटर बदलायला कोण जाणार. न वाचणाऱ्याला फरक पडत नाही, त्याच्यातून १९९० चा सिग्नल जातो तसा २०२५ चा पण जातो.

फक्त याच गुणाचा एक तोटा आहे, न वाचणारा सॅटेलाइट पाठवणारा कोण हेही विचारत नाही. बरोबर फ्रिक्वेन्सीवर पुरेशा ताकदीने जो कोणी बोलेल त्याचं तो इमानेइतबारे पोचवतो. अमेरिकन नौदलाच्या फ्लीटसॅटकॉम या जुन्या, असंच न वाचता फिरवणाऱ्या सॅटेलाइटवर ब्राझीलमधले लोक, त्यात ट्रकवाले पण, वर्षानुवर्षं साधा रेडिओ थोडा बदलून बिनधास्त गप्पा मारायचे, २००९ मध्ये तिथल्या पोलिसांनी छापे घातले तेव्हा ते गाजलं. मुद्दाम न करता चुकून होणारे असे घोटाळे तर त्याहून जास्त, कोणीतरी डिश नीट लावली नाही, कोणीतरी चुकीचा आकडा टाकला. त्यासाठी २०१३ मध्ये डीव्हीबी या डिजिटल प्रसारणाची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने कॅरिअर आयडी चं स्टँडर्ड आणलं, यात प्रत्येक कॅरिअरच्या खाली अगदी हळू आवाजात, पसरवलेल्या सिग्नलमध्ये, पाठवणाऱ्या उपकरणाचा नंबर टाकलेला असतो. तो नंबर सॅटेलाइट वाचत नाही हे आता सांगायला नकोच, खाली ऑपरेटर वाचतो आणि फोन उचलून त्या स्टेशनला म्हणतो, बाबा तुझा ट्रान्समीटर बंद कर.